खंडेनवमीपर्यंत पॉजवर ठेवलेला किल्ला

तो गेम सुरू केला की पहिल्या पाच सेकंदांत माणूस मरायचा. खोटं नाही सांगत. जहाजाचा डेक यायचा, आपला हिरो डावीकडे उभा, आणि आपण रिमोट नीट हातात धरेपर्यंत वरून एक पिंप गडगडत यायचं. संपला! असे तीन जीव. तिन्ही गेले की परत पहिल्यापासून. तुम्ही आधी कुठवर पोचला होतात, याचं त्याला काही सोयरसुतक नाही. सेव्ह नाही, पासवर्ड नाही, काही म्हणजे काही नाही. ज्याने कोणी तो बनवला होता त्याच्या सात पिढ्यांचा मी त्या वर्षी उद्धार केला आहे.

टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम मामाने आणून दिला होता. मामा तळोज्याला कंपनीत होता. त्याच्या साहेबाच्या मुलांना कंटाळा आला म्हणून ते खोकं आमच्याकडे आलं, आणि सोबत एकच कॅसेट. बाकीच्या पोरांकडे एका कॅसेटमध्ये शेकडो गेम असायचे, आमच्याकडे हा एकटाच. कॅसेटवर एका इंग्लिश पिच्चरचा फोटो होता, दाढीवाला हिरो आणि मागे समुद्रातला किल्ला, आणि खाली कुठल्यातरी चिनी-जपानी अक्षरांत लिहिलेलं, जे मेलं आम्हाला काय कळणार.

आम्ही कोपरखैरण्याला बैठ्या घरात राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. साताऱ्याकडून वयाच्या अठराव्या वर्षी आलेले, तेव्हापासून पाठीवर गोण्या. त्या वर्षी श्रावणात ट्रकच्या फळीवरून त्यांचा पाय घसरला आणि पाठीवरची गोणी घेऊनच ते खाली आले. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं. अण्णा कॉटवर पडले ते भिंतीकडे तोंड करून. जेवायला उठायचे, बाकी बोलणं बंद. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मात्र एकच वाक्य ऐकवायचे, "दसऱ्याला मार्केटात जातोय बघा." आई 'व्हय व्हय' म्हणायची आणि खानावळीच्या पोळ्या लाटत बसायची.

मी तेव्हा सातवीत. मूळची तापट. शाळेतून आले की दप्तर फेकायचं आणि त्या डेकवर जाऊन मरायचं, हा माझा कार्यक्रम. एका दुपारी अशीच ओरडले, "अरे मेल्या, उडी मार की!" आणि मागून आवाज आला, "ह्यो पिच्चर म्या बघितलाय."

अण्णा कुशीवर वळले होते. कितीतरी दिवसांनी त्यांनी भिंतीकडचं तोंड फिरवलं होतं.

लग्नाआधी त्यांनी तो तीनदा पाहिला होता म्हणे. गोष्ट साधी होती. हिरोच्या भावाला बेटावरच्या किल्ल्यात कोंडलंय आणि हा त्याला सोडवायला चाललाय. "इंग्लिशमधी बोलत्यात, पर सगळं कळतं," अण्णा म्हणाले. आईने पोळपाटावरून मान वर केली आणि परत खाली घातली. तिचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं.

त्या दिवसापासून अण्णा माझे डायरेक्टर. आणि काय सांगू, इतका चुकीचा डायरेक्टर जगात झाला नसेल! पिच्चरमध्ये हिरो गुहेत गेल्यावर खालच्या भुयारात उतरतो. "उतर की खाली, भितीस कशाला?" मी उतरले. खाली काटे. पिच्चरमध्ये जंगलातला म्हातारा त्याला मदत करतो. "त्याला मारू नगं, आपला माणूस हाय." आपल्या माणसाने जवळ गेल्यावर मला भाल्याने भोसकलं. मी खवळून म्हणायचे, "अण्णा, तुम्ही गप्प बसा बरं! तुमच्यामुळे मेले मी." ते शांतपणे म्हणायचे, "पिच्चरमधी तसंच हाय. ह्या गेमवाल्यानंच पिच्चर नीट बघितला नसंल."

वटवाघळं तर विचारूच नका. दोराच्या पुलावर एक वटवाघूळ यायचं, नुसतं चिकटायचं, आणि हिरो दोन पावलं मागे उडून सरळ दरीत. त्या एका पुलावर माझा अख्खा भाद्रपद गेला. गणपतीला घरी आलेल्या काकूंनी आईला सांगितलं की पोरीला बाहेरचं काहीतरी झालंय, बसल्या बसल्या दात खाते.

पण एकदा अण्णा बरोबर निघाले. किल्ल्यात एक बंद खोली होती. आत जाता यायचं, बाहेर पडायला वाटच नाही, आणि वाळू वर वर चढत जायची. तिथे मी चार दिवस मरत होते. पाचव्या दिवशी अण्णा एकदम कॉटवर अर्धे उठून बसले. "भिंतीवरची मशाल! पिच्चरमधी त्यो मशाल खाली वढतो!" मी उडी मारून मशालीला तलवार मारली. भिंत सरकली. आम्ही दोघं असे ओरडलो की शेजारणीने येऊन विचारलं, कोण पडलं काय. अण्णांच्या पाठीत कळ आली होती, तरी हसत होते.

आता मी इतकी इरेला पेटून का खेळत होते ते कोणालाच माहीत नव्हतं. मी गावच्या देवीला मनातल्या मनात बोलले होते, की हा भाऊ मी किल्ल्यातून सोडवला की तू अण्णांची पाठ बरी कर. दसऱ्याच्या आत. बारा वर्षांची घोडी होते मी, पण माझा पूर्ण विश्वास होता. म्हणून मेले की पाणी प्यायलाही न उठता मी परत पहिल्यापासून सुरू करायचे. अण्णांना वाटायचं पोरगी हट्टी आहे.

नवरात्रातल्या अष्टमीच्या संध्याकाळी मी पहिल्यांदा शेवटच्या बुरुजावर पोचले. वर पिंजऱ्यात भाऊ दिसत होता, हात हलवणारा. मध्ये एक राक्षसासारखा पहारेकरी. आणि माझ्याकडे एकच जीव. मी घाईघाईत भलतीच बटणं दाबायला लागले. अण्णा म्हणाले, "पॉज कर. घाई करू नगं. सकाळी ताज्या डोक्यानं खेळ."

मी पॉज केलं. टीव्ही बंद केला, पण खोकं चालूच ठेवलं. ते बंद केलं असतं तर सगळं संपलं असतं. ॲडॉप्टर तापायला लागला, म्हणून टेबलफॅन त्याच्याकडे फिरवला. आम्ही उकाड्यात झोपलो आणि ते खोकं वाऱ्यात.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्यात त्या दिवशी ज्याच्यावर पोट चालतं ती हत्यारं देवापुढे मांडून पूजतात. अण्णांचा गोणी ओढायचा लोखंडी हूक, विळी, पाटा-वरवंटा, आईचं लाटणं, सगळं धुऊन पुसून ओळीने. मी आंघोळ करून केस पुसत बाहेर आले तर आई व्हिडिओ गेमपुढे गुडघे टेकून बसलेली. खोक्यावर हळदकुंकवाची पाच बोटं, वर अक्षता, झेंडूचं फूल. आणि दुसरं फूल तांब्यात बुडवून ती पाणी शिंपडत होती. मनापासून, चांगलं तीनदा.

"अगं आई!"

कॅसेटच्या खाचेतून चर्र असा आवाज आला. मी धावत जाऊन टीव्ही लावला. नुसत्या मुंग्या.

"टीव्ही बंद हुता, मला वाटलं ते बी बंद हाय," आई म्हणाली. "तुझं हत्यार न्हवं का ते? म्हटलं आज शेवटचं हाय, तुला यश यावं."

मी काय बोंब मारली! तांब्या लाथाडला. सणाच्या दिवशी, पूजेपुढे. आणि रडता रडता तोंडातून निघून गेलं, "आता अण्णांची पाठ कधीच बरी होणार नाही! तू घालवलीस! मी देवीला बोलले होते!"

आई पाण्यात तशीच बसून राहिली. अण्णा कॉटवरून उठले, भिंतीला धरत आले आणि माझ्या शेजारी खाली बसले. त्यांना खाली बसता येत नव्हतं, तरी बसले.

"पाठ त्या गेमवर न्हवती गं," ते म्हणाले. "डॉक्टरनी पयल्याच दिवशी सांगितलंय. वझं उचलायचं न्हाई. कधीच. मी अन् तुझी आई, दोघांनाच ठावं हुतं."

मला आईचा राग आला होता, तो सगळाच्या सगळा त्यांच्यावर गेला. "मग दसऱ्याला जातो, दसऱ्याला जातो, असं का सांगत होता? आणि मला कशाला खेळायला लावलंत रोज?"

अण्णा उपरण्याने खोकं पुसत राहिले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. खोकं चार दिवस उन्हात ठेवलं, पण चालू झालं नाही. भाऊ किल्ल्यातच राहिला.

दसरा झाला आणि अण्णा खरंच मार्केटात गेले. हूक नेला नाही. मुकादमाला म्हणाले, बसून करायचं काय असेल ते द्या. बसून करायचं काम एकच होतं, फाटक्या गोण्या दाभणाने शिवायचं, आणि ते बायका करायच्या. वीस वर्षं ज्यांच्यासमोरून ते पाठीवर गोणी घेऊन ताठ मानेने गेले होते, त्यांच्याच ओळीत जाऊन बसायचं.

शनिवारी शाळा सकाळची. मी डबा घेऊन गेले. अण्णा पोत्यांच्या ढिगापाशी, दोन म्हाताऱ्यांच्या मधे बसलेले. बोटांना चिंध्या बांधलेल्या. बाजूने त्यांच्याच टोळीतले लोक गोण्या घेऊन जात होते आणि त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. अण्णा वाकडी गेलेली सगळी शिवण उसवत होते. माझी मान खाली गेली. खोटं कशाला बोलू, मला लाज वाटली.

शेजारची म्हातारी मला म्हणाली, "तुझा बाप व्हय गं हा? चारदा उसवलं की गं सकाळपास्नं. दुसरा गडी असता तर दाभण फेकून कवाच निघून गेला असता. ह्यो आपला परत पयल्यापास्नं."

अण्णांनी दोरा ओवता ओवता वर पाहिलं. "शिकलोय की. दोन महिने ह्या पोरीकडं बघत पडलो हुतो. मेली की परत पयल्यापास्नं, मेली की परत पयल्यापास्नं. शिव्या द्यायची, पर उठून कधी गेली न्हाई. त्यो गेम कुणाला बघायचा हुता?"

मी डबा तिथेच ठेवला आणि एक पोतं ओढून त्यांच्या शेजारी बसले. "दाखवा," म्हणाले, "कसं शिवायचं."