पोरीचं नाक

एका सकाळी बिडीच्या सुपासमोर बसलेली माझी बायको कात्री चालवता चालवता थांबली आणि म्हणाली, "मले पोरीचं नाक आठवून नाही राहिलं जी."

मी मिलच्या घाईत होतो, डबा हातात. म्हटलं, "कोणत्या पोरीचं?" आणि तोंडातून निघाल्याबरोबर समजलं. आमची पोरगी एकच होती. पहिलटकरणीची. तिला चौथं लागलं होतं तेव्हा ताप आला, डोक्यात चढला आणि घेऊन गेला. त्याला सात-आठ वर्षं झाली होती. पाठीवर दोन पोट्टे झाले, शाळेत जायला लागले, आणि पोरीचं नाव घरात कोणी काढत नव्हतं. फोटो नव्हता. आमच्या वस्तीत तेव्हा फोटो दोन वेळा काढत, लग्नात नाहीतर मेल्यावर. आणि मेलेल्या लेकराचा कोण काढते?

"नाकासारखं नाक होतं," मी म्हणालो. मी असाच बोलतो. आयुष्यभर असाच बोललो.

ती तेंदूचं पान कापत राहिली. पण त्या दिवशी मिलमध्ये मागाच्या साच्यावर उभा असताना मी आठवायला गेलो, तर मलाही नाक येईना. गाल येत होता. तेल लावलेली टाळू येत होती. मधलं सगळं धुक्यासारखं. दोन धागे तुटले, वरचा जॉबर ओरडला, तरी मी पोरीच्या नाकापाशीच.

बहात्तरच्या आगंमागंची ही गोष्ट आहे. आमच्या वस्तीतला एक पोरगा चित्रकलेचं शिकून आला होता. त्याने विहाराच्या मागच्या खोलीत रविवारी सकाळी वर्ग सुरू केला. वंदना झाली की अर्धे लोक घरी जायचे आणि ज्यांना चित्र शिकायचं ते मागं. तिथं कॉलेजातल्या दोन-तीन पोरी यायच्या, एक शिवणकामवाली, एक रेल्वेतला म्हातारा. सगळे कोरे. कोणाला काही येत नव्हतं, म्हणूनच तो वर्ग होता.

बायको म्हणाली, "मले तिथं जायचं हाय. चेहरा काढणं शिकते मी. समदं पुसून जायच्या आधी."

मी म्हटलं, "भैताड झाली का? मेलेल्याचं चित्र काढून काय होते?"

"तुमी नोका येऊ मंग."

असं म्हटल्यावर मी कसा नाही जाणार? तरणा मास्तर, बंद खोली, आणि वस्तीतल्या लोकांची तोंडं. मी जाऊन मागच्या भिंतीला टेकून बसलो, पहारेकऱ्यासारखा. मास्तरने माझ्याकडं पाहिलं, एक पुठ्ठा आणला, त्यावर कागद लावला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "भाऊ, इथं रिकामं कोणी बसत नाही."

"मी फक्त घरच्या मंडळीसोबत आलो, मास्तर."

"मंग रेघा मारा. घरच्या मंडळी पण रेघाच मारून राहिल्या."

असा मी शिकायला लागलो. पहिले काही रविवार नुसत्या रेघा. उभ्या, आडव्या, पट्टी न लावता. खोडरबर द्यायचा नाही. चुकली तर चुकली, तिच्या बाजूला दुसरी. माझ्या रेघा बऱ्या यायच्या, मिलमध्ये दिवसभर ताण्याचे धागे पाहणारा माणूस मी. मला जरा अक्कड चढली. मग गोल सुरू झाले आणि अक्कड उतरली. माझा एकही गोल गोल आला नाही. रेल्वेतला म्हातारा म्हणाला, "हे आलू भाजीले द्या, भाऊ." बायको पदर तोंडावर घेऊन हसली. फार दिवसांनी हसली, म्हणून मी म्हाताऱ्याला काही म्हटलं नाही.

एकदा मास्तर म्हणाला, मनानं एक पान काढा, कोणतंही. सगळ्यांनी पिंपळाचं काढलं. मागं विहार, समोर पिंपळ, दुसरं कोण काय काढणार. बायकोनं मान खाली घालून खूप वेळ काढलं आणि कागद पुढं केला. त्यावर एक चौकोन होता. वरून थोडा रुंद, खालून अरुंद, आत शिरा.

"वहिनी, हे काय होय?"

"पान."

"पान असं असते?"

"असंच असते." ती खरंच बुचकळ्यात पडली होती. "पत्रा ठेवून कापलं का असंच येते."

लहानपणापासून तिनं तेंदूची पानं पत्र्याच्या मापानं कापली होती. हजारो, लाखो. पान म्हटलं की तिच्या हाताला तेच येत होतं, कापलेलं. पोरी हसल्या. तीही हसली, पण घरी येताना रस्त्यात म्हणाली, "पाहा जी. जे रोज हातात हाय त्याचंच खरं रूप मले आठवत नाही. तर पोरीचं कसं येईन?"

मी म्हटलं, "चाल लवकर, ऊन होऊन राहिलं."

मग लोटा आला, वांगं आलं, उजेड-सावली आली. वांग्यावर खिडकीचा उजेड पडतो तो ठिपका कोरा सोडायचा असतो, हे मी तिथं शिकलो. घरी येऊन भाजीतल्या वांग्यावर तो ठिपका पाहिला. चाळीशी जवळ आली होती आणि तोवर मी वांगं पाहिलंच नव्हतं, नुसतं खाल्लं होतं. पण बायकोला वांग्यात जीव नव्हता. ती दर रविवारी विचारायची, "मास्तर, चेहरा कधी?"

शेवटी एका रविवारी तिनं त्याला सगळं सांगितलं. कोणाचा चेहरा आणि काहून. मी भिंतीकडं पाहत होतो. मास्तरने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "वहिनी, समोर नाही ते काढायले मलेही जड जाते. समोर कोणी पाहिजे. पोरगी कोणावर गेली होती?"

"यांच्यावर," बायको म्हणाली. "समदे म्हणत, बापाचं नाक, बापाचे डोळे."

मास्तरने मला उठवलं आणि खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं. "भाऊ, आता हलायचं नाही."

"मिलमध्ये साचा हलते, मी नाही हलत."

"बोलायचं पण नाही."

हे जड होतं.

माप घ्यायची रीत अशी की हात ताठ समोर धरायचा, पेन्सिल उभी, एक डोळा मिटायचा आणि अंगठा पेन्सिलीवर सरकवत कपाळ केवढं, नाक केवढं ते मोजायचं. बायकोनं हात समोर केला, डोळा मिटला. कॉलेजातली एक पोरगी चेकाळली, "पाहा वं, काकू काकाले डोळा मारून राहिल्या!"

खोली हसली. बायको लाल झाली, पण हात खाली आला नाही. मी पाहत होतो. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती आणि या बाईनं मला असं समोरून, चारचौघांत, कधी पाहिलं नव्हतं. आमच्यात कुठं तशी रीत होती? ताट वाढताना ताटाकडं, बोलताना दाराकडं. नाव तर घ्यायचंच नाही. आणि आता ती माझ्या नाकपुडीकडं अशी पाहत होती जशी तांदळातला खडा पाहते. दाढी नीट केली असती तर बरं झालं असतं, असं वाटलं.

चार-पाच रविवार मी बसलो. पहिल्या कागदावर मी चोर दिसत होतो. दुसऱ्यावर मेलेला. मास्तर म्हणायचा, दोन डोळ्यांच्या मधात एक डोळा बसेल एवढी जागा सोडा. डोळे डोक्याच्या बरोबर अर्ध्यावर घ्या, वर नेऊ नका. ती पुसायची नाही, नवा कागद घ्यायची. मग एका रविवारी तिची पेन्सिल थांबली आणि ती हळूच म्हणाली, "हेच नाक होय."

मी उठून पाहिलं. माझंच नाक होतं. पण माझ्यावर ते कधी एवढं चांगलं दिसलं नव्हतं.

"आता तोंडही काढ," मी म्हटलं.

"तोंड तुमचं नाही. नाकाच्या खालतं माझ्यावर होती."

तिनं आरशात पाहून स्वतःचं तोंड काढायला घेतलं, पण जमेना. आरसा तळहाताएवढा, आणि आरशात पाहिलं की ती ओठ आवळायची. मास्तर म्हणाला, मी काढून देऊ? ती म्हणाली, नाही. मग तिनं पुठ्ठा माझ्याकडं सरकवला. "तुमी काढा."

"मी? माझा गोल अजून आलू येते!"

"आलू येऊ द्या. पण पोरगी तुमची हाय."

ती स्टुलावर बसली, मी समोर बसलो आणि पाहायला लागलो. काय सांगू, मी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. वांग्यासारखंच. वरच्या ओठावर मधोमध एक खाच होती. डावा कोपरा थोडा खाली उतरलेला. खालचा ओठ भरलेला, आणि त्याच्या खाली सावली. हसायची झाली की आधी उजवीकडून सुरू व्हायची.

"तुह्यं तोंड वाकडं हाय वं."

"आज दिसलं का?"

"बोलू नको. हलते."

किती कागद खराब केले ते विचारू नका. शिकताना कागद कोण मोजते, असं मास्तर म्हणायचा आणि नवा द्यायचा. शेवटी एक तोंड आलं. सुंदर नव्हतं. पण तिचं होतं, वाकडं.

मग मास्तरने मी काढलेल्या तोंडाचा कागद खिडकीच्या काचेला लावला, त्यावर बायकोचा नाक-डोळ्यांचा कागद ठेवला. मागून उजेड येत होता. बायकोनं वरच्या कागदावर, माझ्या नाकाखाली, माझ्या हातची ती रेघ उतरवून घेतली. गालाची कड ओढली. केस काढले, बारीक, तेल चोपडलेले, कपाळावर एक बट. दुपार झाली होती. बाकीचे कधीच घरी गेले होते.

ती मागं सरली. आम्ही तिघांनी पाहिलं.

मला तेव्हाच समजलं. आमची पोरगी नव्हती ती. कागदावरची पोरगी अकरा-बारा वर्षांची होती. आमची तर मला कडेवर मावायची. एवढे रविवार, आणि आली कोण तर दुसऱ्याच कोणाची. मी बायकोकडं पाहायचं टाळलं.

मास्तर म्हणाला, "माझी चूक झाली, वहिनी. तुमी मोठ्या माणसाचं माप घेतलं. लहान लेकराचे डोळे अर्ध्याच्या खाली असते, कपाळ मोठं राहते, हनुवटी एवढुशी. आताच दुरुस्त करून देतो, लहान करून टाकू." आणि त्यानं, ज्यानं इतके महिने कोणाला हात लावू दिला नव्हता, खिशातून खोडरबर काढला.

बायकोनं कागदावर हात ठेवला. सगळा पंजा, पसरून.

"राहू द्या मास्तर."

"पण ही मोठी झाली ना."

"हाव," ती म्हणाली. "एवढीच झाली असती आता."

मास्तरने खोडरबर परत खिशात टाकला. मग ती कागदावर वाकली आणि पोरीची बट तिनं पुसायच्या ऐवजी लांब केली. कानामागून खाली आणली आणि शेवटी रिबीन काढली. शाळेत जाणाऱ्या पोरींची असते तशी.

तो कागद सुरळी करून मी काखेत घेतला. रस्त्यानं ती पुढं आणि मी मागं, नेहमीसारखं नाही, उलटं. घरी आल्यावर मी खिळा शोधला, हातोडी घेतली आणि विचारलं, "कुठं लावू? बुद्धाच्या फोटोच्या बाजूला लावू?"

"भिंतीवर नोका लावू," ती म्हणाली. "भिंतीवर मेलेल्यांचे लावतात."

तिनं कागद माझ्या हातून घेतला आणि लोखंडी पेटीत, तिच्या लुगड्यांच्या घडीत ठेवला. वर्गात ती पुन्हा गेली नाही. मी मात्र काही दिवस गेलो. वांगी काढली.

आता बायको गेली, आणि पोरांनी तिचा फोटो भिंतीवर लावला आहे. मोठा करून, चौकटीत, वर हार. फोटोवाल्यानं ओठ सरळ करून दिले आहेत. मी पोरांना काही म्हटलं नाही, त्यांनी मायेनं लावला. पण जेवताना मी त्या भिंतीकडं पाठ करून बसतो.