खालची बाजू

पहाटे साडेचारला त्याचा दिवस सुरू व्हायचा. पाचच्या ठोक्याला टेम्पो निघे, आणि उशिरा येणाऱ्यासाठी कुणी थांबत नसे. लोकांचं घरसामान हलवायचं काम त्याने एकवीस वर्षं केलं. जिन्यावरून कपाट उतरवताना वजन येतं ते खालच्या माणसावर. वरचा नुसता धरून असतो आणि "सांभाळ रे" म्हणतो. हा कायम खाली. त्याच्या जोडीदाराने वरची बाजू कधी सोडली नाही, म्हणून सगळे त्याला 'हुशार' म्हणत.

त्यामुळे सरकारी शाळेतल्या बाईंनी बोलावून "तुमची मुलगी हुशार आहे" म्हटलं, तेव्हा त्याने मान खाली घातली.

"समज देतो तिला, बाई. पुन्हा नाही व्हायचं असं."

बाईंना काही कळेना. बायकोने त्याला कोपराने ढोसलं. "अहो, कौतुक करताहेत त्या."

दुसऱ्या एका सरकारी शाळेत हुशार मुलांचा वेगळा वर्ग निघाला होता. चौथीतल्या मुलांतून हिचं नाव लागलं होतं. फी नव्हती, फक्त पालकाची सही हवी होती. त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि आठ दिवस बाहेर काढला नाही.

"मनात आहे तरी काय तुमच्या?" बायकोने विचारलं.

"आत्तापासून 'तू इतरांच्या वरची' म्हणून तिला सांगितलं, तर पोर कष्टाला हात लावेल? आणि बाकीच्या पोरांनी काय कुणाचं घोडं मारलंय?"

"ते राहू दे. एकदा तिचा वर्ग बघून तर या."

कामाला सुट्टी होती त्या दिवशी तो शाळेत गेला आणि वर्गाच्या खिडकीशी उभा राहिला. बाईंनी गणितं घातली. पोरं ओठ चावत लिहीत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. त्याची लेक पाच मिनिटांत मोकळी झाली आणि तास संपेपर्यंत हाताची घडी घालून बसली.

घरी आल्यावर त्याने तिची कंपासपेटी उघडली. दोन वर्षांपूर्वीचा खोडरबर. चारही कोपरे शाबूत.

म्हणजे वरची बाजू ती इथेच धरून बसली होती. त्याने सही केली.

"नव्या वर्गात जड जाईल हं," तो म्हणाला.

"किती जड, बाबा?"

"कपाटाएवढं."

"रिकामं की भरलेलं?"

"भरलेलं. आणि लिफ्ट बंद."

बाकीच्या पोरांचा प्रश्न मात्र त्याच्या मनातून गेला नाही. पुढे पालकसभेत त्याने तो दोनदा विचारला.

नव्या वर्गात पहिल्याच महिन्यात लेकीची निम्मी गणितं चुकली. ती रडली, रुसली, मग वही ओढून पुन्हा बसली. पगाराच्या दिवशी तिने तळहातावर रबराचा वाटाण्याएवढा तुकडा दाखवला. "संपला, बाबा."

तो तसाच दुकानात गेला आणि डझनाचं खोकं मागितलं.

"एवढे कशाला हो?" दुकानदाराने विचारलं.

"मुलगी चुकायला लागलीय," तो म्हणाला आणि पगाराचं पाकीट फोडलं.