शिंगं साळलेलं कॉलेज

आमच्या तालुक्याच्या कॉलेजनं माझ्या मुलीला फसवलं. मला फसवलं असं मी म्हणत नाही. मी बैलांचा व्यापारी. फसणं आणि न फसणं हाच माझा धंदा. फसवलं ते शकूला, आणि तेही भरदुपारी, चहा पाजून, हसत हसत. त्या फसवणुकीला एक वास होता : नव्या लाकडावर नुकत्याच फिरवलेल्या व्हार्निशचा, ओल्या चुन्याचा, उघड्या पडलेल्या रंगाच्या डब्यांचा. जून उजाडला आणि माळावरच्या त्या इमारतींवरून वारा गावाकडे वळला की तो वास अजून माझ्या ओसरीपर्यंत येतो. इतरांना तो नवेपणाचा सुगंध वाटतो. माझं मस्तक फिरतं.

माझं शिक्षण काष्टीच्या बैलबाजारात झालं. अनवाणी दुसऱ्याचे बैल हाकत गेलो आणि स्वतःची दावण बांधून परतलो; मधे कुणाचा हात पाठीवर नव्हता. विकणारा बैल धुऊन आणतो, शिंगं साळून त्यांना हिंगूळ लावतो, अंगावर तेलाचा हात फिरवतो. त्यात लबाडी नाही. पाहुणे बघायला येणार म्हटल्यावर लेकीला आपण धुवट लुगडं नेसवतोच की! किंमत ठरते ती रुमालाखाली, एकमेकांची बोटं दाबून; भोवतालच्या बघ्यांना ओ की ठो कळत नाही. पण किंमत कितीही झाकली तरी खोड झाकायची नाही, हा बाजाराचा धर्म आहे. बैल मारका असेल, औतात बसत असेल, पुलावर बुजत असेल, तर रुमाल टाकण्याआधी ते तोंडानं सांगायचं. न सांगता विकला आणि नांगराच्या पहिल्याच तासाला बैल बसला, तर घेणारा तो परत आणून दारात उभा करतो, आणि देणाऱ्याला मान खाली घालून दावं हातात घ्यावं लागतं. आम्हा हेड्यांना, गुरांच्या व्यापाऱ्यांना, लोक लबाड म्हणतात. म्हणोत बापडे! ज्यांच्या खांद्यावर उपरणं आणि तोंडी संस्कृत सुभाषित असतं, त्यांच्या बाजारात हा एवढा तरी धर्म आहे का?

शकू मॅट्रिक झाली तेव्हा तिला ढोरांची डॉक्टर व्हायचं होतं. आमच्या गोठ्यातच तिचं ते मन घडलं. अडलेल्या गाईपाशी ती अशी बसायची, की गाय तिचा श्वास ऐकून शांत व्हायची. तिच्या आईनं कपाळावर हात मारला. "पोरीच्या जातीनं ढोराच्या शेपटीमागं फिरायचं? लई झालं तुमचं बापलेकीचं!" पण शेवटी तीच विरघळली. "एक वरीस देते. जमलं तर जमलं, न्हाई तर मी सोयरीक बघनार." आमच्याकडे मुलाला आयुष्य मिळतं, मुलीला एक वर्ष मिळतं. ते कुठं खर्चायचं, एवढाच प्रश्न होता.

आधी आम्ही नगरला गेलो. तिथलं एक जुनं कॉलेज पाहिलं. काळ्या दगडाच्या भिंती, पोपडे उडालेलं छत, कुबट अंधार. प्रयोगशाळेत पाऊल ठेवताच नाकात जळजळ झाली. टेबलं डागाळलेली, जागोजाग भाजलेली, कडा कुरतडल्यासारख्या. माझं मन विटलं. शकू मात्र त्या एका भाजल्या जागेवर बोट फिरवत म्हणाली, "आबा, टेबलं जळल्यात बघा. म्हंजे हितं काम करत्यात." तिचं बोलणं मी कानाआड केलं. अहो, बैल घेताना मी आधी मानेवर हात फिरवतो! जुवाखाली राबलेल्या बैलाच्या मानेला घट्टा असतो; कातडी तिथं राठ होते, केस झडतात. गुळगुळीत मान म्हणजे एक तर न जुंपलेला, नाही तर आळशी. ते जळकं टेबल म्हणजे त्या कॉलेजच्या मानेवरचा घट्टा होता. माझ्या लेकीला तो दिसला. मला पोपडे दिसले.

आणि मग माळावरचं हे कॉलेज! केवढी प्रशस्त, केवढी धवल वास्तू! विज्ञानाची नवी इमारत, आत रांगेनं आरशासारखी टेबलं, प्रत्येकावर पाण्याचे आणि गॅसचे पितळी नळ, भिंतीला काचेची कपाटं. मुलींच्या वसतिगृहात नव्या खाटा, खिडक्यांना हिरवा रंग. स्वतः संस्थेच्या अध्यक्षांनी आमच्यासाठी चहा मागवला. म्हणाले, "पाटील, आपली लेक, आपलं कॉलेज. नगरला परक्याच्या दारात कशाला धाडता?" मी पाटील नाही, हे त्यांना ठाऊक होतं. शकू तेवढ्यात टेबलापाशी गेली आणि तिनं गॅसचा नळ फिरवला. वास नाही, सुस्कारा नाही. "सर, गॅस येत न्हाई का?" असं तिनं विचारताच अध्यक्ष गडगडाटी हसले. "घ्या! पोरगी बापावर गेलीय, बैलाचे बघावेत तसे आमचे दात बघतीया! अगं, दिवाळीपर्यंत गॅसच काय, सगळं येतंय." सगळे हसले. मीही हसलो. स्तुती हा असा हिंगूळ आहे, की तो समोरच्याच्या शिंगांना नाही, आपल्याच डोळ्यांना लावतात.

दिवाळी आली आणि गेली. गॅस आला नाही. काचेच्या कपाटांना कुलपं होती ती आतला रिकामेपणा सांभाळायला. रसायनशास्त्र शिकवायला बाहेरगावचे एक सर एस.टी.नं यायचे, गाडी चुकली की रसायनही चुकायचं. त्यातच त्या साली दुष्काळानं दात विचकले. विहिरींचे तळ उघडे पडले, माझी दावण निम्मी ओस पडली, प्रयोगशाळेच्या पितळी नळांना पाण्याचा थेंब दिसेना. पण संस्थेची वाढ थांबली नाही! प्रवेशद्वारावर भव्य कमान उभी राहत होती. तिचं सिमेंट ठेवायला कोरडी जागा हवी, म्हणून मुलींच्या खोल्यांतून खाटा काढल्या आणि पोती रचली. शकूच्या परगावच्या मैत्रिणी गावात एका आजीबाईंच्या पडवीत राहिल्या. रोज सकाळी टँकर यायचा आणि कमानीला पाणी मारलं जायचं, काँक्रीट तडकू नये म्हणून. मुली रिकाम्या घागरी घेऊन ते बघत उभ्या राहायच्या. शकूनं मला हे सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग नव्हता. तेच मला सोसवलं नाही. तहानलेल्या लेकरांसमोर दगडाला पाणी पाजणाऱ्या विद्यामंदिराला काय म्हणावं?

वर्षाअखेर कळलं, की विज्ञान शाखेला विद्यापीठाची परवानगी मिळालेलीच नव्हती. मिळेल या आशेवर वर्ग भरवले होते. आता मुलांनी कला शाखेला बसावं किंवा दुसरीकडे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी, असं सांगण्यात आलं. मी अध्यक्षांच्या दारात जाऊन आरडाओरडा केला. माझा आवाज मोठा आहे, आळीला ऐकू गेला. ते शांतपणे सुपारी कातरत म्हणाले, "संस्था वाढताना थोडं सोसावं लागतं, पाटील." सोसायचं कुणी? ज्यांची संस्था, त्यांनी, की जिच्या हातात एकच वर्ष होतं, तिनं? मी पुन्हा नगरला न्यायचं काढलं, तर तिची आई उंबऱ्यात आडवी झाली. "सबूद म्हंजे सबूद. वरीस मागितलं, दिलं." मी शकूकडे पाहिलं. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आबा. आईनं तिचा सबूद पाळला." आयुष्यभर मी सौदे फिरवले. तो एक फिरवता आला नाही.

शकू आता त्याच कॉलेजात कला शाखेला आहे, सोयरीक जुळेपर्यंत. गाय अडली की वस्तीवरून तिला अजून बोलावणं येतं. ती जाते, हात धुते, परत येते.

परवा कॉलेजसमोरच्या एस.टी. स्टँडवर घोडेगावकडचा एक गृहस्थ भेटला. सोबत मुलगी, तिच्या हातात नवी पिशवी. दोघं मान वर करून कमानीकडे पाहत होते. रंग अजून ओला होता. "लई झ्याक कॉलेज हाय वो!" तो म्हणाला. मी म्हणालो, "दादा, कमान बघू नका. आत जाऊन टेबल जळलंय का, ते बघा." त्यानं मला वेड्यात काढलं. शेजारच्या पानवाल्यानं माझी ओळख दिली, तसा तो हसला. "अवो, तुमची पोर हितंच शिकतीया न्हवं? मग वाईट कसं आसंल?" आणि मुलीचा हात धरून तो कमानीखालून आत गेला. त्या क्षणी मला उमगलं, की शकूला एकदा फसवून त्यांचं भागलेलं नाही. आता ती रोज त्या दारातून जाते आणि तिच्याकडे पाहून दुसऱ्यांच्या लेकी फसतात. साळलेल्या शिंगांना लावलेला हिंगूळ आता माझीच लेक झाली आहे.

आज पुन्हा वारा वळला आहे, ओसरीवर व्हार्निशचा वास भरून राहिला आहे. अध्यक्षमहाराज, वास्तू बांधा, कमानी बांधा, आकाशाला टेकवा. पण मी बाजारातला माणूस आहे, आणि माझा बाजार अजून उठलेला नाही. न सांगितलेल्या खोडीचं जनावर मी तुमच्या दारात परत आणून उभं केलं असतं. पण वर्ष परत आणून कुठं बांधू? म्हणून तुम्हीच या. भर बाजारात, चारचौघांत, हातावर रुमाल न टाकता उभे राहा आणि सांगा : खोड ठाऊक असताना तुम्ही ती तोंडानं का सांगितली नाही? मला नका सांगू. नळ फिरवून तुम्हाला विचारणारी ती मुलगी अजून उत्तरासाठी उभी आहे. तिला सांगा.