फिजीदादांचा खांदा

फिजीदादा चहा पिण्याआधी एक टाळी वाजवायचे आणि कप रिकामा झाला की तीन. टाळीही आपली नेहमीची नव्हे. दोन्ही हातांची ओंजळ करून वाजवलेली, पोकळ, रिकाम्या घागरीवर थाप मारावी तशी. लग्न होऊन मी या घरात आले त्या पहिल्या सकाळी ओटीवर चहा ठेवला, टाळ्या ऐकल्या आणि वाटलं, म्हातारबुवा आणखी मागताहेत. मी दुसरा कप नेला. पुन्हा टाळ्या. बिचारे भिडेखातर पीत राहिले. चौथ्या कपाला सासूबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अगं, थांब आता. ते मागत न्हायत, मान देतायत."

ते माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. स्वातंत्र्यानंतर दोनेक वर्षांनी फिजी बेटांवरून परत आले, म्हणून अख्ख्या गावाचे फिजीदादा. मी सुनेच्या रिवाजाप्रमाणे तोंडावर 'मोठे मामंजी' म्हणायची, मनात मात्र फिजीदादाच. गाव आमचं म्हसळ्याकडच्या खाडीकाठचं. भातशेती, चार माड आणि घरटी एक माणूस मुंबईला.

दादा मुंबईहूनच गेले, सोळाव्या वर्षी, आणि गेले ते निव्वळ आमच्या भागाच्या अकलेमुळे. गोदीत एका गोड बोलणाऱ्या माणसानं सांगितलं की एका बेटावर साखर मोजायचं काम आहे. आता आमच्याकडच्या माणसाला बेट म्हणजे काय ठाऊक? मुरूडचा जंजिरा! किनाऱ्यावरून दिसतं, होडीत बसलं की फडक्यातली भाकरी संपायच्या आत पोचतो. दादांसोबत खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातला हसन होता, दादांच्याच वयाचा. दोघांनी विचार केला, जाऊन तर बघू, न्हाय आवडलं तर भरतीबरोबर परत. त्यांना आगगाडीनं मद्रासला नेलं, कागदावर अंगठे घेतले आणि जहाजात चढवलं. त्या कागदालाच तिकडे गिरमिट म्हणतात. पाच वर्षं ऊस तोडायचा, मग सुटका. सातव्या दिवशी हसननं विचारलं, "दादू, जंजिरा मागं तं न्हाय ना ऱ्हायला?" हे सांगताना दादा इतके हसायचे की डोळे पुसावे लागायचे. कधी कधी हसणं थांबलं तरी पुसत राहायचे.

त्या जहाजावर प्रत्येकाला एक पत्र्याची थाळी मिळाली होती. दादांची पहिल्या वादळातच समुद्रात गेली. मग महिनाभर दोघं हसनच्या थाळीत जेवले. फिजीला उतरल्यावर दुसरी थाळी मिळाली, पण तोवर वेगळं जेवायची सवय मोडली होती. एका जहाजातून आलेले ते जहाजी भाई, जात कुठलीही असो, धर्म कुठलाही असो, आणि हे नातं सख्ख्यापेक्षा घट्ट. दादांनी तिथं लग्न केलं तेव्हा मुलाकडचा म्हणून हसन उभा राहिला. हसनची पोरं दादांना मोठे अब्बा म्हणायची.

"तिथं असं न्हवतं," हे दादांचं पालुपद. आमच्या गावाचा शिमगा म्हणजे पालखीचा सण. होळी पेटली की दुसऱ्या दिवशी देवी पालखीत बसून घरोघर जाते. फिजीतल्या पहिल्या शिमग्याला या दोघांना राहवेना. त्यांनी साखरेचं खोकं आणलं, त्याला बांबू बांधला, आत देवी म्हणून नारळ ठेवला. एक खांदा दादांचा, एक हसनचा, एक कुणा मद्रासी भावाचा आणि एक बिहारकडच्याचा. नाचायचं कसं ते शिकवलं हसननं, कारण दादा नेहमी पालखीच्या मागं भुकेनं रडत चाललेले आणि हसननं खाडीपलीकडून सगळं नीट पाहिलेलं. पुढे मोहरम आला तेव्हा त्याच बांबूंवर कागदाचा ताबूत उभा राहिला. "खांदे तेच चार," दादा सांगायचे, "मिरवणूक तेवढी दुसरी." दर मंगळवारी रामायणाची मंडळी बसायची आणि ढोलकी वाजवायचा हसन.

गंमत मला पुढे कळली. त्यांच्या थोरल्या मुलाचं हिंदीत पत्र यायचं, ते वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. एकदा त्यानं लिहिलं होतं, 'बाबूजी, तुम्ही इथं होता तेव्हा लहानपणापासून आम्ही एकच ऐकलं, कोकणात असं नाही. आता तिथं तरी खूश आहात ना?' मी वाचता वाचता दादांकडे पाहिलं. ते छपराच्या वाशांकडे बघत होते. म्हणाले, "पोरगा लय लिवतो. पुढचं वाच."

येताना त्यांनी एक चटई, चार पायांचं, लाकडी परात वाटावी असं कोरीव भांडं आणि एका झाडाच्या मुळीच्या भुकटीची गोणी आणली होती. भुकटी पाण्यात कालवली की यंगोना तयार होतं. रंग ऐन पावसातल्या ओढ्याचा आणि चवही तीच. सगळ्यांनी गोल बसायचं, करवंटी आली की एक टाळी, प्यायलं की तीन, आणि मग गप्पा. भांडणं मिटवायची तीही यावरच. दिवस दारूबंदीचे. गावात कुणीतरी चुगली केली आणि एक जमादार भर दुपारी ओटीवर येऊन थडकला. दादांनी त्याला चटईवर बसवून करवंटी हातात दिली. जमादारानं पुरावा म्हणून एक प्यायली, खात्री करायला दुसरी. मग त्याची जीभ बधिर झाली. बराच वेळ तो स्वतःचा गाल चिमटीत धरून बसला होता. शेवटी जड जिभेनं म्हणाला, "ही दारू न्हाय. दारू पिऊन मानूस बोलतो तरी." केस झाली नाही. गोणी संपली तेव्हा दादा कोकम सरबतावर आले. टाळ्या मात्र सुटल्या नाहीत, आणि मंगळवारच्या रामायणाला आधी खिदळायला म्हणून आलेल्या बायका पुढे सांजवात लावून वेळेवर येऊन बसू लागल्या.

इतकं सगळं गोड असताना त्यांचं खरं दुखणं एकच होतं. पालखीच्या पुढच्या दांड्याचा डावा खांदा हा आमच्या घराचा मान. घरातल्या थोरल्या पुरुषाचा. फिजीत त्यांनी नारळाची देवी चाळीस वेळा नाचवली असेल, पण गावच्या देवीला खांदा द्यायचं वय झालं तेव्हा ते उसात होते. तिकडची बायको वारली, पाठोपाठ हसन गेला आणि मग दादा दोन्ही मुलांवर ऊसमळा सोपवून निघाले ते त्या एका खांद्यासाठी. मला त्यांनी हे सरळ सांगितलं होतं. "सूनबाय, एक डाव देवीचं वजन खांद्याला लागू दे. मग मी मोकळा."

गावकीनं ते होऊ दिलं नाही. माणसं वाईट नव्हती. हेच लोक त्यांच्या चटईवर बसून सरबत प्यायचे, पण आपल्या घरच्या करवंट्या घेऊन यायचे. होळीच्या संध्याकाळी देवळाच्या पारावर बैठक बसे. गावकीचे म्होरके तात्या दर वर्षी तोच प्रश्न विचारत, आणि मायेनं विचारत. "दादू, देवीसमोर एकदा बोल, परमुलखात मी कुणाच्या ताटात जेवलो न्हाय. बस्स. आम्ही काय बघायला आलोवतो?"

दादा दर वर्षी तेच उत्तर देत. "तुम्ही न्हवता तात्या. हसन होता."

बैठक तिथंच उठे आणि दुसऱ्या दिवशी खांदा मामंजींकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे जाई.

मामंजींचं याच्यावरून डोकं फिरायचं. भावावर जीव होता, पण शिस्तीचा माणूस. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. गिऱ्हाइकाला भात विकताना कुठल्या पोत्यात भुसा जास्त आहे ते स्वतःच दाखवायचे. सोवळंही तसंच. दादांचं ताट वेगळं, ओटीच्या कोपऱ्यात ठेवलेलं. ते तिथं जेवायचे, मामंजी माजघरात. मधे दार, आणि दारात वाढप घेऊन मी. आत-बाहेर करून माझे पाय दुखायचे. दर शिमग्याला मामंजी त्या दारातून ओरडत, "दादा, अरे एक वाक्य! एक वाक्य तं बोलायचं!"

बाहेरून उत्तर येई, "तू कधी खोटं बोललास?"

"मी न्हाय बोललो."

"मंग मला का शिकवतोस? जरा आमटी पाठव."

असे सात शिमगे गेले. मग मुलाचं पत्र आलं. यंदा परतलात तर इथलं सरकार घेईल, पुढे परवानगी मिळणार नाही. नातवंडं विचारतात. हसनचाचांच्या नातीचं लग्न आहे आणि मोठे अब्बा नसतील तर उभं कोण राहणार? दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या नवऱ्याला मुंबईहून बोटीचं तिकीट काढून आणायला सांगितलं. शिमगा झाला की आठव्या दिवशी निघायचं ठरलं.

त्या वर्षी पारावर तात्यांनी जरा जास्तच आर्जवानं विचारलं. दादांनी तेच उत्तर दिलं, फक्त आवाज बारीक होता. घरी येऊन ते जेवले नाहीत. मामंजीही माजघरात बसले, दोन घास खाऊन उठले. हे मी सांगू शकते, कारण दोन्ही ताटं मीच वाढली आणि मीच उचलली.

सकाळी देवळापुढं गाव जमला. ढोल सुरू झाले, देवी पालखीत बसली, तीन मानकऱ्यांनी खांदे लावले. चौथी जागा रिकामी. मामंजी जागचे हलले नाहीत.

तात्या म्हणाले, "चल बाबा, ऊन चढतं."

"मला न्हाय घेता येत," मामंजी म्हणाले. "मी दादाच्या ताटात जेवलो."

ढोल थांबले.

"कवा?"

"काल. परवा. रोजच जेवतो." त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि नजर देवीकडे नव्हती. "माझा पोरगाबी जेवतो."

माझ्या नवऱ्यानं 'मी कधी' म्हणायला तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर माझा पाय ठेवला, जोडव्यांसकट. त्यानं तोंड मिटलं आणि फक्त मान डोलावली. लग्न झाल्यापासून त्यानं माझं इतकं मुकाट्यानं तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

आता पंचाईत तात्यांची. एका घराचा खांदा दुसऱ्या घरानं घ्यायचा नाही ही गावकीचीच रीत, आणि आमच्या घरात तर सगळेच बाटलेले. पालखी तीन खांद्यांवर लवंडायला लागली होती. तात्यांनी मामंजींकडे पाहिलं. हा माणूस भुशाचं पोतं दाखवून देणारा, हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक होतं. मग ते खाकरले आणि मोठ्यानं म्हणाले, "घरच सारखं झालं तं मंग लहान-थोर बघायलाच पायजे. थोरल्यानं घ्यावा."

दादा गर्दीच्या मागं उभे होते. दोघांनी त्यांना धरून पुढं आणलं.

खरं सांगायचं तर नाचले ते वाईट. फिजीतलीच पावलं पडत होती, तीन पुढं आणि एक आडवं. पालखी खाडीतल्या होडीसारखी डुलायला लागली, बाकीचे तिघे घामाघूम. शेवटी ढोलवाल्यांनीच ठेका बदलला आणि गाव त्या ठेक्यावर चालू लागला. दादांचा चेहरा मला दिसत होता. ते रडत होते आणि मधेच हसनला हाक मारत होते, अगदी स्पष्ट. कुणीही ऐकलं नाही असं गावानं दाखवलं.

आठ दिवसांनी ते गेले आणि परत आले नाहीत. जाण्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. निरोपाच्या वेळी आम्ही सगळेच रडलो. मला आठवते ती पालखीच्या दिवसाची दुपार.

पालखी आमच्या दारावरून पुढं गेली, दोघे भाऊ घरी आले. मी सवयीनं दोन ताटं घेतली. मामंजी माजघरात गेले नाहीत. ओटीवर दादांच्या समोर बसले आणि म्हणाले, "एकच वाढ."

"एकच?"

"देवीसमोर बोललोय. जेवल्याबिगर ते खरं व्हायचं न्हाय."

मी मोठं ताट घेतलं, पुरणपोळी वाढली, तूप वाढलं. मामंजींनी पोळी मोडली. तुकडा हातात धरून ते तसेच बसले. दादा वाट बघत होते. मग हळूच म्हणाले, "हसनपन पैल्या दिवशी असाच घाबरलावता."

"मी न्हाय घाबरत," मामंजी म्हणाले आणि त्यांनी ताट आपल्याकडं ओढलं.