खकाण्याचं निमित्त

निपाणीत कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं, तर कुणी काही विचारत नाही. तंबाखूचा खकाणा, ती बारीक तिखट धूळ, गेला असेल, असंच धरतात. बायको गेल्यावर मी वखारीच्या कचेरीत बसून या सवलतीवर भरपूर रडलो. एवढे सावरलात कसे, असं लोकांनी विचारलं, की वाचनाने दुःख आवरतं, असं सांगतही होतो.

मग मालकांनी हवा साफ करणारं यंत्र आणलं. ते बसवायला बेळगावहून एक मेकॅनिक आला. यंत्र सुरू करून त्याने जाळीपुढे उदबत्ती धरली. धूर सरळ आत गेला. दुपारपर्यंत कचेरीत तंबाखूचा वासही उरला नाही. माझे डोळे मात्र वाहतच होते.

"आता कशाचं पाणी हो, आप्पा?" मालकांनी विचारलं.

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं, टेबलावरून बोट फिरवलं आणि ते स्वच्छ बोट घाईने पँटला पुसलं.

"बारीक खकाणा ऱ्हातोय अजून, मालक. मशीन नवं हाय. पंधरा दिस लागत्यात."

निघताना तो मला हळूच म्हणाला, "तेवढ्यात उरका, आप्पा."

मला उरकलं नाही. मालक वर्षभर त्या मेकॅनिकच्या कामाला नावं ठेवत राहिले आणि मी डोळे पुसत मान डोलावत राहिलो.