कॉलसाइनला आडनाव नसतं

समोरच्याचं आडनाव कळेपर्यंत तुम्हाला चैन का पडत नाही? काल खराडीच्या ऑफिसात नव्या सहकाऱ्याने मला माझं आडनाव विचारलं आणि विश्रांतवाडीतल्या आमच्या खोलीतला, तापलेल्या धुळीचा वास येणारा बाबांचा रेडिओ आठवला.

बाबा हौशी रेडिओवाले, घरच्या यंत्रावरून दूरदूरच्या अनोळखी लोकांशी बोलणारे. त्यांचा संगणक आपोआप योग्य लहर शोधून ओळखीच्या स्टेशनला हाक मारायचा. तिकडच्या यंत्राने ओ दिली की घंटी वाजायची. "इथे कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचा सांकेतिक क्रमांक, तेवढा पुरतो," बाबा अभिमानाने म्हणायचे. पेठेतले सुहासराव रोज त्यांच्याशी तासभर बोलत.

एका रविवारी ते पहिल्यांदाच घरी आले. भिंतीवरची बुद्धाची तसबीर त्यांनी निरखून पाहिली.

"आपलं आडनाव काय म्हणालात?"

"म्हणालो नव्हतो," बाबा हसले आणि त्यांनी ते सांगितलं.

"अहो, चहा राहू द्या. पित्त होतं मला."

कपावर साय धरली.

दुसऱ्या दिवशी घंटी वाजली. पडद्यावर 'जोडणी झाली' असं आलं. "बोला, सुहासराव," बाबा पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. नुसती खरखर. मला वाटलं, रेडिओ बिघडला. आज कळतं, रेडिओ तेवढा धड होता.

उद्या नवं माणूस भेटलं की नावापाशी थांबा. पुढे विचारायचंच असेल, तर चहा विचारा.