भागाबाईची चपट्या बुडाची मडकी

अमळनेरच्या कुंभारवाड्यात भागाबाईचा हात सगळ्यांना ठाऊक होता. नवरा रुपचंद चाकावरून मडकं उतरवायचा. ते थापून थापून हवं तसं पातळ करायचं काम तिचं. चाळीस वर्षांत तिच्या माठाबद्दल कुणाची तक्रार आली नव्हती.

धुळ्याला देवपूरच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या कामिनी मॅडम एक दिवस एसटीने आल्या आणि मडकी मागू लागल्या. इथवर ठीक होतं. पण मडक्यांत भरायचं होतं गटारीचं पाणी.

"पेवाना मडकामा गटार?" भागाबाईनं थापी खाली ठेवली. "नही, मॅडम. दुसरं घर देखा."

मॅडम उठल्या नाहीत. घाणपाण्यातले जंतू घाण खातात आणि खाता खाता थोडी वीज सोडतात, त्यांनी सांगितलं. मडक्यात ते पाणी, त्यात कोळशाची कांडी, बाहेरून कोळसा लावलेलं कापड, दोन्हींना तार. दोन्हींमधली मडक्याची भिंत मात्र नेमकी हवी. त्यासाठी परदेशी पडदा मिळतो, तो परवडत नाही.

"बाजारातली मडकी घेऊन पाहिली, अक्का. काही गळतात, काहींतून काहीच पुढे जात नाही."

भागाबाईनं थापी पुन्हा उचलली. मग रुपचंद म्हणाला, "मयतनं मडकं बी आपनच देतस ना?"

तिची थापी थांबली. तिनं मॅडमकडे वळून विचारलं, "झिरपाले पाहिजे, पन गळाले नको. आसंच ना?"

"अगदी असंच."

चोवीस मडकी झाली. माठांत मिसळू नयेत म्हणून तिनं त्यांची बुडं चपटी ठेवली. काहींच्या मातीत राख जास्त, काहींत लाकडाचा भुसा.

महिन्याभरानं फोन आला. भुशाची गळली, राखेची चालली, पण फारच मंद. भागाबाईला ते लागलं. दुसऱ्याच दिवशी ती देवपूरला गेली.

टेबलावर मडक्यांची रांग होती. वासानं तिनं पदर नाकाला लावला. रांगेच्या टोकाला मसुराएवढा लाल दिवा मिणमिणत होता.

"इतलाच?"

"बारा मडकी मिळून एवढाच," मॅडमनी न लपवता सांगितलं.

भागाबाईनं एक वापरलेलं मडकं मागून घेतलं, नळाखाली धुतलं आणि पायरीवर आपटलं. मॅडम दचकल्या. खापरीची कड तिनं उजेडात धरली. आतला काळेपणा नखाएवढाच शिरला होता.

"आर्धी भिंत फुकट शे," ती म्हणाली.

पुढची खेप तिनं निम्म्या जाडीची थापली. पाच मडकी भट्टीतच फुटली. उरलेल्यांनी दिवा बराच उजळला. मॅडमनी जोडून पाहिलेला छोटा पंखा मात्र फिरला नाही.

तिच्या मडक्यांत गटारीचं पाणी भरतात, ही गोष्ट गावात पसरली तेव्हा चार-पाच घरांनी त्या उन्हाळ्यात तिच्याकडून माठ घेतला नाही. ती कुणाला समजवायला गेली नाही. आता दर दोन महिन्यांनी ती पोत्यात मडकी बांधून धुळ्याच्या गाडीत ठेवते. मॅडम हल्ली मापं पाठवत नाहीत. भिंत किती ठेवायची, ते भागाबाईच ठरवते.